जुन्या गाडीला पॉवर ब्रेक

पॉवर ब्रेक म्हणजे चालकाच्या पायाच्या जोराला इंजिनात तयार होणाऱ्या व्हॅक्यूमची जोड देणारी व्यवस्था. आजच्या बहुतेक मोटारींत ती कारखान्यातूनच बसवलेली येते. 1970 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत मात्र ती नव्हती, किंवा जादा पैसे मोजून घ्यावी लागे. त्या गाड्यांचा ब्रेक लागतो तो निव्वळ पायाच्या जोरावर. अशी गाडी जतन करून आजच्या रहदारीत चालवणारे अनेक मालक तिला पॉवर ब्रेक बसवून घेतात. काम आवाक्यातले आहे. पण ते पेडल, मास्टर सिलिंडर, व्हॅक्यूम, नळ्या आणि चाके अशा पाच ठिकाणी पसरलेले असते आणि एका ठिकाणची कसर बाकी चारही ठिकाणच्या मेहनतीवर पाणी फिरवते.

यात एक गोष्ट आधीच समजून घ्यावी लागते. पॉवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमची ही जोड देणारा डबा, पायाचे श्रम कमी करतो. चाकावरच्या ब्रेकची क्षमता वाढवत नाही. गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड, लायनरची अवस्था आणि ड्रम किंवा डिस्क किती उष्णता सोसते यांवर ठरते. झिजलेले लायनर, गळका व्हील सिलिंडर किंवा अंडाकृती झालेला ड्रम असलेल्या गाडीला बूस्टर लावला, तर पाय हलका होतो पण गाडी सुरक्षित होत नाही. म्हणून या कामाची सुरुवात चाकापासून होते आणि बूस्टर शेवटी येतो.

पायापासून चाकापर्यंत

ब्रेक पेडल ही एक तरफ असते. पेडल जिथे टांगलेले असते तो टेकू, त्याच्या थोडे खाली मास्टर सिलिंडरकडे जाणारा दांडा आणि सगळ्यात खाली पाय ठेवायची पट्टी. टेकूपासून पट्टीपर्यंतचे अंतर टेकूपासून दांड्यापर्यंतच्या अंतराच्या जितके पट, तितके पट पायाचा जोर वाढतो. मॅन्युअल, म्हणजे बूस्टर नसलेल्या, ब्रेकच्या गाड्यांत हे प्रमाण साधारण सहास एक असते. पायाने 30 किलोचा जोर लावला, की दांड्यावर 180 किलोचा जोर येतो.

हा दांडा मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो आणि ब्रेक ऑइलवर दाब येतो. सिलिंडरचा आतला व्यास पाऊण इंचाहून थोडा जास्त, म्हणजे सात अष्टमांश इंच किंवा 22 मिलिमीटर असेल, तर पिस्टनचे क्षेत्रफळ 3.9 चौरस सेंटिमीटर भरते. 180 किलो भागिले 3.9, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 46 किलोचा दाब. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो या पास्कलच्या नियमानुसार तोच दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो.

इथे एक देवाणघेवाण असते. सिलिंडरचा व्यास कमी केला तर तेवढ्याच जोरात दाब जास्त मिळतो, पण ऑइल कमी सरकते, म्हणून पेडल खोलवर दाबावे लागते. व्यास वाढवला तर पेडल थोडेच जाते, पण पायाला जोर जास्त लागतो. पेडलच्या प्रमाणाचेही तसेच आहे. जोर वाढवायचा तर पायाची चाल वाढते. मॅन्युअल ब्रेकची रचना करणाऱ्याला या दोन टोकांच्या मधोमध राहावे लागते. बूस्टर आल्यावर ही कोंडी सुटते. जोर बाहेरून मिळत असल्याने पेडलचे प्रमाण कमी आणि सिलिंडरचा व्यास मोठा ठेवता येतो. पाय हलका राहतो आणि पेडलही थोडक्यात लागते.

ड्रम आणि डिस्क यांच्या स्वभावातला फरकही इथे महत्त्वाचा आहे. ड्रम ब्रेकमध्ये फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू अधिक घट्ट रुतून बसतो. ब्रेकचा काही जोर असा चाकाच्या फिरण्यातूनच मिळत असल्याने ड्रमच्या गाड्या बूस्टरशिवाय वर्षानुवर्षे चालल्या. डिस्क ब्रेकमध्ये पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कला सरळ दाबतात. स्वतःहून रुतण्याचा प्रकार तिथे नाही. तेवढाच ब्रेक लागायला डिस्कला बराच जास्त दाब लागतो. म्हणूनच पुढच्या चाकांना डिस्क बसवणारा मालक बहुधा बूस्टरही बसवतो. उलट चारही चाकांना ड्रम असलेल्या हलक्या गाडीला मोठा बूस्टर लावला तर ब्रेक अति तीक्ष्ण होतो आणि ओल्या रस्त्यावर पेडल टेकवताच चाके जाम होऊ शकतात.

बूस्टरच्या आत

व्हॅक्यूमच्या बळावर ब्रेकला मदत करण्याची युक्ती बेल्जियन अभियंता अल्बेर दवांद्र याची. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती हाती घेऊन 1927 पासून मोटारींसाठी विकायला सुरुवात केली. त्याआधी हिस्पानो-सुइझा आणि रोल्स-रॉइससारख्या महागड्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या फिरण्यातून जोर घेणारी यांत्रिक मदत होती. अमेरिकेत 1950 च्या दशकात गाड्या लांब, रुंद आणि जड होत गेल्या, तसा व्हॅक्यूम बूस्टर सर्वसामान्य गाड्यांच्या यादीत पर्याय म्हणून दिसू लागला.

पेट्रोल इंजिन चालू असताना पिस्टन हवा ओढत असतात आणि कार्बुरेटरची झडप ती हवा अडवत असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो. मेकॅनिक त्याला व्हॅक्यूम म्हणतात आणि तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. धडधाकट इंजिन आयडलवर 18 ते 22 इंच व्हॅक्यूम देते.

बूस्टर हा फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, बसणारा पत्र्याचा गोल चपटा डबा. आत रबराचा पडदा त्याचे दोन कप्पे करतो. पेडल सोडलेले असताना दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम असतो, त्यामुळे पडदा जागच्या जागी राहतो. पेडल दाबले की आतली झडप आधी दोन कप्प्यांमधली वाट बंद करते आणि मग चालकाच्या बाजूच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडते. एका बाजूला वातावरणाचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन आत जातो. पेडल आहे तिथेच धरून ठेवले तर झडप दोन्ही वाटा बंद करून मिळालेली मदत तेवढीच राखते. दांड्याच्या टोकाशी रबराची एक जाड चकती असते. ती दाबली जाऊन जोराचा काही भाग पायाकडे परत पाठवते, म्हणून ब्रेक किती लागला आहे हे चालकाला पायाखाली जाणवते.

ही मदत किती मोठी असते ते साध्या हिशेबाने कळते. 20 सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर. 18 इंच व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 0.6 किलोचा फरक. गुणाकार केला की सुमारे 190 किलोचा जोर निघतो. आता पेडलचे प्रमाण चारास एक आणि मास्टर सिलिंडर एक इंची, म्हणजे 5.07 चौरस सेंटिमीटरचा धरला, तर पायाचे 15 किलो दांड्यावर 60 होतात, त्यात बूस्टरचे 190 मिळवले की 250. आणि ऑइलचा दाब 49. मॅन्युअल ब्रेकला 30 किलो जोर लावून जो दाब मिळत होता, त्याहून थोडा अधिक दाब आता निम्म्या जोरात मिळतो.

इंजिन बंद पडले तरी बूस्टर लगेच रिकामा होत नाही. व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाशी एकाच दिशेने वाट देणारी झडप असते. ती आतला साठा धरून ठेवते आणि दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची काही चालकांची जुनी खोड म्हणूनच पॉवर ब्रेकच्या गाडीत जिवावर बेतणारी आहे. बोरघाट असो की आंबोली, इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच हवी.

एक नमुना: शेवरले शेवेल

या कामाचा चांगला नमुना म्हणून अमेरिकेतली 1964 ते 1972 या काळातली शेवरले शेवेल घेता येते. दीड टनाच्या आसपास वजन, मोठे इंजिन आणि सुरुवातीच्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम. पुढच्या डिस्कचा पर्याय 1967 मध्ये आला. मास्टर सिलिंडरला पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र दोन कप्पे असण्याची सुरुवातही या गाडीत त्याच वर्षी झाली. 1964 ते 1966 च्या गाड्यांत एकच कप्पा होता. एखादी नळी फुटली किंवा एक व्हील सिलिंडर गळला तरी चारही चाकांचा ब्रेक जाई. त्यामुळे या तीन वर्षांच्या गाडीवर काम करताना बूस्टरपेक्षाही मोठा फायदा दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरचा असतो. बूस्टर बसवायचा नसला तरी हा बदल करून घेण्यासारखा आहे.

शेवेलच्या पेडलमध्ये जनरल मोटर्सने आधीच सोय ठेवली होती. पेडलच्या दांड्यात एकाखाली एक अशी दोन भोके असतात. वरचे भोक टेकूच्या जवळ, त्यामुळे प्रमाण मोठे; ते मॅन्युअल ब्रेकसाठी. खालचे भोक टेकूपासून लांब, प्रमाण कमी. ते पॉवर ब्रेकसाठी. बूस्टर बसवताना दांडा वरच्या भोकातून काढून खालच्या भोकात घ्यावा लागतो. हे न करता वरच्याच भोकात दांडा ठेवला, तर तो वाकडा ओढला जातो, पेडलची चाल वाढते आणि ब्रेक जरुरीपेक्षा तीक्ष्ण होतो. ज्या गाड्यांच्या पेडलमध्ये अशी सोय नाही, तिथे पॉवर ब्रेकच्या मॉडेलचे पेडलच मिळवून बसवणे हा सरळ मार्ग. पेडलला अंदाजाने भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. गाडीतला सर्वात जास्त जोर झेलणारा हा दांडा आहे.

आधी चाके, मग बूस्टर

प्रत्यक्ष काम सुरू होते ते चारही चाके उतरवून. ड्रम काढून लायनरची जाडी, ड्रमचा आतला पृष्ठभाग आणि व्हील सिलिंडरचे रबर तपासले जातात. रबरी टोपी उचलल्यावर आत ओल दिसली तर सिलिंडर बदलायचा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करावे. चाकाजवळच्या रबरी होज बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आतून फुगून वाट अडवतात, म्हणून त्या वयाकडे पाहूनच बदललेल्या बऱ्या. लोखंडी नळ्यांवर गंज चढला असेल तर त्याही.

नव्या नळ्यांसाठी पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी वापरतात. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी असते, पण कंपनाने कडक होऊन तडकते. ब्रेकसाठी ती चालत नाही. नळीचे तोंड जोडाला बसण्यासाठी दुमडून दुहेरी फ्लेअर करावे लागते. अमेरिकी जोड आणि युरोपीय जोड यांचे फ्लेअर वेगळे असतात. एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडात कितीही आवळली तरी गळतच राहते.

बूस्टर निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: मदत किती हवी आणि जागा किती आहे. सात-आठ इंचांपासून अकरा इंचांपर्यंतचे बूस्टर मिळतात. पडदा जितका मोठा, तितका जोर जास्त. पण मोठा डबा इंजिनच्या टॅपेट कव्हरला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा बॉनेटच्या बिजागरीला अडतो. अशा वेळी दोन पडदे एकामागे एक असलेला लहान व्यासाचा बूस्टर घेतात. त्याची लांबी वाढते, पण घेर आवरता राहतो. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा साचा करून जागेवर धरून पाहणे शहाणपणाचे.

मास्टर सिलिंडर बूस्टरला साजेसाच हवा. मॅन्युअल सिलिंडरच्या पिस्टनमध्ये दांड्यासाठी खोल भोक असते, कारण पेडलकडून येणारा लांब दांडा निसटू नये. पॉवरच्या बऱ्याच सिलिंडरांत तिथे नुसता उथळ खळगा असतो. जुना खोल भोकाचा सिलिंडर नव्या बूस्टरच्या आखूड दांड्यासमोर लावला, तर दांडा पिस्टनला पोहोचतच नाही आणि पेडल थेट खाली जाते. पुढे डिस्क असेल तर त्या कप्प्यात ऑइल जास्त मावले पाहिजे, कारण पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागे ऑइल साचत जाते.

अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

संपूर्ण कामात सर्वात नाजूक माप आहे ते बूस्टरच्या दांड्याचे टोक आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यामधल्या फटीचे. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. दांडा जास्त लांब झाला तर पेडल सोडल्यावरही पिस्टन थोडा दाबलेला राहतो. मग ऑइल परत डब्यात येण्याचे बारीक भोक उघडत नाही. ब्रेक तापला की ऑइल प्रसरण पावते, त्याला जायला वाट नसते, दाब वाढत जातो आणि काही किलोमीटरांत चाके आपोआप धरू लागतात. दांडा आखूड असला तर पेडलची पहिली चाल वाया जाते.

हे माप घेण्यासाठी खोली मोजण्याचे गेज असते. ते नसेल तर मेकॅनिक मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची युक्ती करतात. पिस्टनच्या खळग्यात त्या मातीची वाटाण्याएवढी गोळी ठेवायची, सिलिंडर बूस्टरला नटांनी पूर्ण आवळायचा आणि पेडलला हात न लावता पुन्हा काढायचा. गोळी दबून जी पापडी उरते तिची जाडी म्हणजे फट. पापडी जाड असेल तर दांड्याच्या टोकाचा स्क्रू थोडा बाहेर घ्यायचा. मधोमध भोक पडले असेल, तर फट उरलेलीच नाही. स्क्रू आत घ्यायचा. दोन-तीन वेळा हे करून माप जुळले, की खळग्यातली माती कणभरही न ठेवता पुसून काढायची.

पेडलच्या बाजूचा दांडाही असाच जुळवावा लागतो. पेडल पूर्ण वर असताना तिथे किंचित ढिलाई हवी. पेडलची उंची बदलल्याने ब्रेक लाइटचे बटणही सरकवावे लागते. हे विसरले तर लाल दिवे सतत पेटलेले राहतात, किंवा मागच्या वाहनाला ब्रेक लागल्याचे कळतच नाही.

व्हॅक्यूम कुठून आणायचा

बूस्टरची नळी इनटेक मॅनिफोल्डलाच जोडावी लागते. कार्बुरेटरवरच्या बारीक नळीत आयडलला व्हॅक्यूम नसतो. ती इग्निशनच्या डिस्ट्रिब्युटरसाठी असते. नळी जाड भिंतीची, खास ब्रेक बूस्टरसाठी केलेली हवी. साधी पेट्रोलची नळी व्हॅक्यूमने चपटी होते. ती सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, वळसा न पडता न्यावी.

जोडण्याआधी इंजिन गरम करून आयडलवर व्हॅक्यूम मोजणे आवश्यक आहे. 16 इंचांच्या खाली आकडा असेल तर बूस्टर मनासारखे काम करत नाही. जुन्या गाडीत याची कारणे बहुधा साधी असतात: मॅनिफोल्डचे फाटलेले गॅस्केट, चुकलेले टायमिंग, जळालेले व्हॉल्व्ह. ती दुरुस्त केली की आकडा वर येतो. शर्यतीच्या धर्तीचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात मात्र 10-12 इंचच मिळतात, कारण तिथे झडपा जास्त वेळ उघड्या राहतात. अशा गाडीला विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप लावतात. पॉवर स्टिअरिंग असेल तर तिच्या पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रोलिक बूस्टर हा दुसरा पर्याय. नुसती साठवणुकीची टाकी लावल्याने व्हॅक्यूम वाढत नाही. आहे तोच अधिक वेळा वापरता येतो.

उंचीचाही परिणाम होतो. बूस्टरला ढकलणारा जोर शेवटी बाहेरच्या हवेचा आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे बूस्टरची मदतही तेवढ्या प्रमाणात घटते. म्हणून आकडा काठावरचा ठेवू नये.

डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसल्याने मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम तयार होत नाही. भारतातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच छोटा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो तो याचसाठी. जुन्या गाडीत डिझेल इंजिन बसवलेले असेल, तर बूस्टरआधी या पंपाची सोय पाहावी लागते.

झडपा, ऑइल आणि हवा

पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जोडी असेल तर दोन्हींना एकाच वेळी एकच दाब देऊन भागत नाही. जोरात ब्रेक लावला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि आधी जाम होतात. गाडी मागून फिरते. हे टाळण्यासाठी मागच्या नळीत दाब मर्यादेत ठेवणारी प्रपोर्शनिंग झडप बसवतात. शिवाय ड्रमचे शू स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध हलायला थोडा वेळ घेतात, तेवढा वेळ पुढच्या डिस्कला रोखून धरणारी दुसरी झडप असते. कारखान्यातून डिस्कसह आलेल्या गाड्यांत या झडपा बहुधा एकाच पितळी ठोकळ्यात असतात. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी थोडा दाब कायम राखणारी बारीक झडपही असते. डिस्कच्या नळीत ती राहून गेली तर पॅड डिस्कला चिकटून राहतात.

नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी त्यातली हवा टेबलावरच काढावी लागते. सिलिंडर शिकंज्यात सपाट धरायचा, दोन्ही तोंडांना लहान नळ्या लावून त्यांची टोके त्याच्याच ऑइलच्या डब्यात बुडवायची आणि बोथट दांड्याने पिस्टन हळूहळू आत-बाहेर करायचा. आधी बुडबुड्यांचा फेस येतो, मग मोजके बुडबुडे, मग नुसते ऑइल. शेवेलसारख्या गाडीत बूस्टर फायरवॉलवर नाक वर करून तिरपा बसतो. त्या तिरपेपणामुळे सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी अडकलेली हवा नंतर चाकांतून काढताना निघत नाही. टेबलावरचे हे काम टाळले तर दिवसभर चाकांतून हवा काढत राहूनही पेडल स्पंजीच राहते.

त्यानंतर चाकांची हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यायचे. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या अमेरिकी गाडीत उजवे मागचे चाक पहिले. भारतातल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावे मागचे. ऑइल डीओटी 3 किंवा डीओटी 4 दर्जाचे, न उघडलेल्या डब्यातले वापरावे. ते हवेतली ओल शोषते आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डीओटी 3 चा कोरडा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो 140 पर्यंत येऊ शकतो. सिलिकॉनचे डीओटी 5 यात मिसळू नये, आणि इंजिन ऑइलचा तर थेंबही नको. त्याने सगळी रबरे फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोडवते, म्हणून जुन्या गाडीच्या मडगार्डवर जाड कापड अंथरून मगच डबा उघडावा.

तपासणी

बूस्टर काम करतो की नाही हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, म्हणजे साठा संपतो. मग पेडलवर पाय दाबून धरायचा आणि इंजिन सुरू करायचे. पेडल पायाखाली किंचित खाली सरकले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. दुसरी चाचणी उलट: इंजिन चालू असताना पेडल दाबून धरायचे, इंजिन बंद करायचे आणि अर्धा मिनिट थांबायचे. पेडल वर ढकलले गेले तर झडप किंवा पडदा गळतो आहे. पेडल धरले असताना ते हळूहळू तळाकडे जात असेल तर दोष बूस्टरचा नसून मास्टर सिलिंडरचा किंवा गळतीचा.

मग मोकळ्या, सपाट जागेत 20-30 किलोमीटर वेगाने गाडी थांबवून पाहायची आणि एका बाजूला ओढते का ते तपासायचे. वेग पायरीपायरीने वाढवायचा. मागची चाके आधी जाम होत असतील तर त्यांचा दाब कमी करायचा. काही किलोमीटर चालवल्यावर चाकांजवळ हात धरून उष्णता अजमावायची. एखादेच चाक जास्त तापले असेल तर तिथे ब्रेक धरून बसला आहे. शेवटी प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पुन्हा पाहायचा. ज्याला हवा काढण्याचा आणि फ्लेअर करण्याचा सराव नाही, त्याने हे काम अनुभवी मेकॅनिककडे सोपवावे. ब्रेक ही शिकण्यासाठी प्रयोग करण्याची जागा नाही.

ब्रिटिश आणि भारतीय गाड्या

मॉरिस मायनरसारख्या काही ब्रिटिश गाड्यांत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या फरशीत, चासीच्या पोटात असतो. तिथे बूस्टर पेडल आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसवणे शक्य नसते. अशा गाड्यांसाठी रिमोट सर्व्हो असतो. तो इंजिनाजवळ कुठेही बसतो, मास्टर सिलिंडरकडून आलेला दाब आत घेतो, व्हॅक्यूमच्या मदतीने वाढवतो आणि पुढे चाकांकडे पाठवतो. पेडलला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण एका कप्प्याच्या सिलिंडरवर तो बसवला तर एक नळी फुटताच सगळा ब्रेक जाण्याचा जुना धोका तसाच राहतो.

मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट 1100 ची भारतीय आवृत्ती. चारही चाकांना ड्रम आणि वजन जेमतेम 900 किलो. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही चालतात. इतक्या हलक्या गाडीला नवे लायनर, गोल ड्रम, ताज्या होज आणि नीट लावलेली ॲडजस्टमेंट एवढ्यावर बूस्टरशिवाय चांगला ब्रेक लागतो. पुढे डिस्क बसवली असेल, किंवा वय वा दुखऱ्या गुडघ्यामुळे चालकाला पेडल जड जात असेल, तर लहान बूस्टर योग्य ठरतो.

भारतात गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे बंधन आहे. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. 2021 मध्ये आलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, ती चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नसेल तरच. त्यामुळे फायरवॉल कापण्याची वेळ येत असेल तर आधी आरटीओकडे चौकशी करावी आणि झालेला बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. काढलेले मूळ भाग तेल लावून, नावाची चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणायची झाली तर तेच लागतील.

एकंदरीत निर्णयाचा क्रम असा राहतो. आधी चाकावरचे ब्रेक नवे करावेत. एका कप्प्याचा मास्टर सिलिंडर असेल तर तो दोन कप्प्यांचा करावा. एवढे करून गाडी काही दिवस चालवून पाहावी. त्यानंतरही पेडल जड वाटले, किंवा पुढे डिस्क बसवायची ठरली, तरच बूस्टर घ्यावा. ज्याच्याकडे पैसे एकाच कामापुरते आहेत, त्याने ते बूस्टरवर न घालता लायनर, होज आणि मास्टर सिलिंडर यांवर खर्च करावेत.